रोझा आंटीचा नवरा

हर्षाला सगळ्यात जास्त शिसारी कसली असेल तर ती 'सुशेगाद', म्हणजे निवांत, या शब्दाची. दिवसातून चारपाच वेळा तो तिला टाइप करावा लागे आणि दर वेळी खराब मासळीला बोट लागल्यासारखे तिचे तोंड वाकडे होई. धारगळच्या तिच्या घरी आई पहाटे उठून मिरचीच्या वाफ्यांना पाणी सोडायची, बाप हायवेच्या कडेला कलिंगडांचा ढीग लावून दिवसभर ट्रकांची धूळ खायचा. त्या घरात सुशेगाद कोण होते म्हणाल तर मांजर. पण वेबसाइटवर सगळा गोवा सुशेगाद. सगळी माणसे हसरी, सगळी घरे दोनशे वर्षांची, सगळे जेवण आजीच्या हातचे. अस्सल, अनवट, अविस्मरणीय. हे शब्द लिहिताना तिला वाटे, आपण उष्ट्या ताटाला चांदीचा वर्ख चिकटवतो आहोत.

केरीपासून मोरजीपर्यंतच्या चौदा गेस्ट हाउसांच्या वेबसाइटी ती सांभाळायची. काम म्हटले तर भाजी चिरण्याइतके सोपे. वेबसाइटचे एक पुढचे दार असते, ते पाहुण्यांसाठी. एक मागचे असते, तिथे नाव आणि पासवर्ड टाकून आत शिरायचे. आत गेले की नवे पान उघडायचे, वर मथळा द्यायचा, मध्ये फोटो बसवायचा, खाली मजकूर ओतायचा आणि 'पब्लिश' दाबायचे. जुने पान बदलायचे असेल तरी तेच. कोणी कधी काय बदलले याची नोंद ती यंत्रणा आपोआप ठेवते, पण ती बघायला कोणी जात नाही.

अडचण एकच. गेस्ट हाउसवाल्यांना रिकामे पान दाखवून भागत नसे. फोटो कुठे येईल, मजकूर किती मावेल, हे समजवायला जावे तर ते म्हणत, "हांगा तर कांयच ना!" म्हणून हर्षा आधी त्यात खोगीरभरती करून ठेवी. मनाला येईल ते. समुद्राची गाज, आजीचा हात, शंभर वर्षांची कृती. दुसऱ्यांच्या साइटी वाचून वाचून तो सूर तिच्या बोटांत इतका भिनला होता की डोके न वापरता ओळीमागून ओळ पडत जाई. मालकाने खरा मजकूर दिला की खोगीर काढून टाकायचे. निम्मे मालक खरा मजकूर कधीच देत नसत, ही गोष्ट वेगळी.

या चौदा मालकांत सर्वेश तिच्या सगळ्यात जास्त डोक्यात जाई. बाकीचे निदान बाहेरचे होते, त्यांना माफ करता येई. सर्वेश इथलाच. त्याचा बाप गोकुळदास डिचोलीच्या खाणींवर माल वाहणारे टिपर फिरवून मोठा झाला आणि त्या टिपरांच्या जिवावर त्याने केरीला बंगला बांधला. खाणी बंद पडल्या, गोकुळदास गेला, टिपर विकले गेले. उरलेल्या बंगल्याला सर्वेशने पिवळा रंग फासला, खिडक्यांना शिंपल्यांच्या तावदानांसारखे दिसणारे प्लास्टिक लावले आणि दारावर पाटी मारली, 'कासा पावलीना'. साइटवर लिहिले, घर सतराशे नव्वदचे. घराच्या मागच्या भिंतीत सिमेंटमध्ये बोटाने कोरलेले '२००४' अजून स्पष्ट दिसत होते. सर्वेशच्या खऱ्या आजीचे नाव पद्मावती. बिचारी जन्मभर तुळशीला पाणी घालून गेली. मेल्यावर नातवाने साइटवर तिची दोना पावलीना केली आणि तिला पियानो शिकवला.

हे वाचून हर्षाने सर्वेशला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. पण तिने ते पान बनवले, पब्लिश केले आणि वर आपल्या मावशीला त्याच घरात कामाला लावले. चंद्रावती मावशी केरीतच राहायची. मूळची सातार्ड्याची, लग्न होऊन इकडे आली. तिचा नवरा रामचंद्र गोकुळदासाच्याच टिपरवर ड्रायव्हर होता आणि खाणी थांबल्यापासून दारातल्या सोप्यावर बसून होता. मावशीच्या हाताला चव होती, सर्वेशला नाश्ता आणि मासळीचे जेवण रांधायला बाई हवी होती. हर्षाने गाठ घालून दिली. मावशी डुकराच्या मांसाला हात लावणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरले. डुकराचा विंदालू म्हापशाहून डब्यातून येई आणि वेटर तो गरम करी.

भाद्रपद चालू होता. गणपतीची चवथ होऊन गेली होती, पितरांच्या म्हाळाचे दिवस लागले होते. एका सकाळी मावशीचा फोन आला. ती कधी फोन करत नसे.

"हर्षा, बेगीन ये गो," एवढेच म्हणाली आणि फोन ठेवला.

हर्षा स्कूटर काढून केरीला पोचली तेव्हा मावशी चुलीपाशी नव्हती, घरात मधोमध उभी होती. हातात रामचंद्राचा मोबाइल. तिने तो पुढे केला.

पडद्यावर मावशीचा फोटो होता. हर्षानेच काढलेला, चवथीच्या आधी, कासा पावलीनाच्या पायरीवर, नवे हिरवे लुगडे नेसलेली असताना. 'नाश्त्याच्या पानावर घालते,' असे सांगून काढला होता, आणि मावशी लाजून मनापासून हसली होती. हसू तेच होते. पण कपाळावरचे कुंकू नव्हते. कोणीतरी ते कॉम्प्युटरवर पुसले होते, आणि तेही धड पुसता आले नव्हते. दोन भुवयांच्या मध्ये कातडीचा एक गुळगुळीत, लिंपल्यासारखा डाग राहिला होता. मंगळसूत्रही नव्हते. खाली ठळक इंग्रजी अक्षरांत नाव होते, रोझा आंटी.

"सकाळपासून सगळ्या गावान बघितला," मावशी म्हणाली. "गुरुदासबाबाच्या पोरान, तुषारान, दोह्यासून धाडल्यान. खाली काय लिवलेला आसा ता वाच."

"मावशी, जांव दी. कचरा तो."

"वाच म्हणतंय ना."

हर्षाने वाचले आणि वाचता वाचता सांगत गेली. रोझा आंटीचा नवरा एका वादळात होडी घेऊन गेला तो परत आला नाही. दर्याने त्याला ठेवून घेतले. त्या दिवसापासून ही विधवा आपल्या पणजीच्या कृतीने पोर्क विंदालू रांधते आहे. तिच्या विंदालूला त्या दुःखाची चव आहे. एकदा चाखून बघाच.

शेवटच्या वाक्याला हर्षाने मोबाइल खाली केला.  बाईचे दुःख मसाल्यासारखे विकायचे, वर चाखून बघा म्हणायचे! ज्याने हे लिहिले त्याच्या तोंडात शेण घातले पाहिजे, असे तिला वाटले आणि ती तसे बोललीही.

सोप्यावरून रामचंद्राचा आवाज आला. "मी मेलंय? आणि दर्यात? अगो, माका पवूक येणा नाय. जल्मात गुडघ्याच्या वर पाण्यात गेलंय नाय."

 मावशीचा हात नकळत कपाळाकडे गेला, कुंकू आहे ना हे बोटाने चाचपून खाली आला. हर्षा तिथे असेपर्यंत तो हात तसाच जात-येत राहिला.

मग मावशीने खरी गोष्ट सांगितली. चार दिवसांवर अविधवा नवमी होती. नवरा हयात असताना जी बाई गेली, तिच्या नावाने त्या दिवशी सवाशीण जेवू घालतात. गावातल्या गुरुदासांची बायको सुमंगला तशी गेली होती. सुमंगला आणि चंद्रावती जिवाभावाच्या मैत्रिणी. जाण्याआधी सुमंगलेने अंथरुणावरून सांगितले होते, माझ्या पाटावर चंद्रावतीच बसली पाहिजे. तेव्हापासून अकरा वर्षे मावशी त्या दिवशी पहाटे आंघोळ करून गुरुदासांकडे जाई, खतखत्याची भाजी आणि खीर स्वतः रांधी आणि दुपारी सुमंगलेच्या पाटावर बसून जेवे. वर्षभरात तिने स्वतःसाठी म्हणून केलेली ही एकच गोष्ट.

"शेवंतीन सांगून धाडल्यान," मावशी म्हणाली. "औंदा नको म्हणता. दुसरी कोण बघतत."

शेवंती म्हणजे गुरुदासांची बहीण. भावाच्या घरात तिचाच शब्द चाले.

"कित्याक पण? सगळ्यांक खबर आसा काका जिते आसत ते!"

"ती म्हणता, मीच सांगलंय असतला. हसान हसान फोटो काढून घेतलंय, मगे कथा पण मीच दिलंय." मावशीने मोबाइल तिच्या हातून काढून पालथा घातला. "सुमंगलेच्या पाटार दुसरी बसतली गो."

हर्षाने तिथेच लॅपटॉप उघडला. मागच्या दाराने आत शिरली. बदलांची नोंद काढली तर वरच्या तिन्ही ओळींवर सर्वेशचे नाव. फोटो घातला, सर्वेश. मथळा बदलला, सर्वेश. पब्लिश केले, सर्वेश. तेवढे वाचून तिला पुरे झाले. तिने पान खाली उतरवले आणि मावशीला म्हणाली, "गेलें. आता ना."

तासाभरात ते परत वर होते. सर्वेश अ‍ॅडमिन, त्याच्या हातात सगळ्या किल्ल्या. हर्षाने पुन्हा उतरवले, त्याने पुन्हा चढवले. तिने कचऱ्यात टाकले, त्याने कचऱ्यातून काढले. तिसऱ्या वेळी ती लॅपटॉप मिटून कासा पावलीनात गेली.

सर्वेश बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीत, मेजावर पाय टाकून बसला होता. समोर बिअरचा ग्लास, बाजूला माशांच्या काट्यांची बशी, तिच्यावर माश्या. त्याने पाय खाली घेतले नाहीत.

"हर्षा, तूं ल्हान भुरग्यावरी कितें करता?" तो म्हणाला. "गिरायकाक जाय तें दिवचें. दिल्लीचो मनीस विमानांत बसता तेन्नाच ताच्या मनांत गोंय तयार आसता. चर्च, व्हड बाल्कांव, रोझा आंटी. ताका चंद्रावती दाखयली जाल्यार तो म्हणटलो, हें तर रत्नागिरी!"

"तिचें कुंकू पुसलें तुवें."

"रोझाक कुंकू कशें आसतलें?"

"तिचो घोव जितो आसा. तुज्या बापायचो टिपर चलयतालो तो."

सर्वेशने एक काटा दातांतून काढून बशीत टाकला. "हांवें कितें केलां? फकत फोटो लायला, म्हापशा स्टुडिओंत मात्सो साफ करून घेतला. बाकीचें सगळें पयलींच थंय आशिल्लें. आनी खरें सांगूं? तो दर्यान व्हेल्लो घोव म्हाका खूब आवडलो. काळजाक लागता. तें वाक्य हांव काडचो ना. सीझन सोंपूं दी, मागीर पळोवया."

चोराच्या उलट्या बोंबा! म्हणे पयलींच थंय आशिल्लें. जसे काही पान आपोआप उगवले, अळंब्यासारखे. हर्षाला त्याच्या तोंडाकडे, त्या काट्याकडे, त्या बशीकडे बघवेना. इतकी किळस तिला गटारातला उंदीर बघूनही आली नव्हती. उंदीर निदान आपल्या आजीला पियानो शिकवत नाही.

"मावशेच्या दुखाची चव विकता तूं," ती म्हणाली. "तुका कांय दिसना?"

"दिसता मगे," सर्वेश म्हणाला. "बुकिंग दिसता."

बाहेर फाटकाशी मिंगेल पदेर सायकलवरून पाव उतरवत होता. तीस वर्षे तो या वाड्यावर पाव आणत होता आणि त्याचा स्वतःचा मोबाइलही आता सगळे दाखवत होता. हर्षाला बघून त्याने टोपलीवरचे प्लास्टिक परत झाकले.

"ती रोझा पळयली हांवें," तो म्हणाला. "बाये, आमगेर घोव मेलो जाल्यार बायल काळें न्हेसता. अशी दांत दाखोवन पायरेर उबी रावना. म्हजे आवयन बाराय म्हयने धव्या भातार आनी सुक्या मासळेर काडले, दुकर फकत नाताळाक. ही कोणाली गे रोझा? आमची तर न्हय." तो रस्त्याच्या कडेला थुंकला आणि सायकलवर बसला. "तुमचीय न्हय, आमचीय न्हय."

हर्षाने घरी जाऊन एक गोष्ट केली. पान खाली उतरवले तर सर्वेश परत चढवणार, हे कळले होते. म्हणून तिने साइटच्या पोटातला फोटोच काढून टाकला, कायमचा. यंत्रणेने विचारले, नक्की काढायचा? तिने हो म्हटले. पानावर फोटोच्या जागी करडी चौकट उरली आणि तिला जरा बरे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चौकटीत दुसरीच एक म्हातारी बसली होती. कुठल्या देशाची देव जाणे, डोक्याला रुमाल बांधलेली, हातात लाकडी पळी. नाव रोझा आंटी. नवरा तोच, दर्याने नेलेला. मावशीच्या चेहऱ्याची सर्वेशला गरज अशी नव्हतीच. कुठलाही चालला असता. एवढ्यासाठी त्याने एका जित्या बाईचे कुंकू पुसले होते.

चेहरा गेला, पण गावातल्या मोबाइलांवरचा फोटो थोडाच जाणार? आणि शेवंतीचा प्रश्न फोटोचा नव्हताच, कथेचा होता. ही कथा दिली कोणी? नवमी परवावर आली होती. हर्षाने ठरवले, नोंद दाखवायची. लॅपटॉप घेऊन गुरुदासांच्या घरी जायचे, सर्वेशचे नाव सगळ्यांना दाखवायचे, म्हणजे मावशीवरचा आळ जाईल आणि सर्वेशच्या तोंडाला आयते काळे लागेल. हे दुसरे तिला जास्त गोड वाटत होते, खोटे कशाला बोला.

मावशी यायला तयार नव्हती. हर्षाने तिला जवळजवळ ओढत नेले.

गुरुदास पेडण्याच्या मामलेदार कचेरीत अडतीस वर्षे कारकून होते. निवृत्त होऊन सात वर्षे झाली तरी घरातले वाण्याचे चिठोरेसुद्धा तारीखवार टाचून ठेवत. ते खुर्चीत बसले, शेवंती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. भिंतीवर सुमंगलेचा फोटो, त्याला ताजा हार. मावशी त्या फोटोखाली पायरीवरच टेकली, आत आली नाही.

"चंद्रावतीचेर म्हजो राग ना," शेवंती आधीच म्हणाली. "पूण बायलेन स्वताच्या तोंडान घोवाक मारलो जाल्यार तिका सवाशीण म्हणून पाटार कशी बसोवची? वयनीचो आत्मो कितें म्हणटलो?"

"तिणें सांगूंक ना, शेवंतीआत्या," हर्षा म्हणाली. "हांगा सगळें बरयिल्लें आसा. कोणें, केन्ना, कितें केलें. पळयात." तिने नोंद उघडून लॅपटॉप फिरवला आणि सर्वेशच्या त्या तीन ओळींवर बोट ठेवले. "सर्वेश. सर्वेश. सर्वेश."

शेवंतीने वाकून बघितले. गुरुदास हलले नाहीत.

"हे वयले शेरे," ते म्हणाले. "वयलो शेरो सायबाचो आसता. तो फकत सही मारता. फायल केन्नाय तळांतल्यान वाचची. सकयलो कागद अर्जदाराचो. पयलो कागद कोणें घातलो, तें पळय. थंय जर चंद्रावतीचें नांव मेळ्ळें जाल्यार शेवंतीचें खरें. ना जाल्यार ना."

"तळाकूय तोच आसतलो."

"आसूं. दाखय."

हर्षाने पान खाली सरकवले. सर्वेशच्या तीन ओळी आणि त्यानंतरची चढ-उतार वर गेली. खाली एकच ओळ उरली होती, गेल्या वर्षीची. तिच्यापुढे लहान करड्या अक्षरांत नाव होते.

तिने ते वाचले आणि आधी तिला कळलेच नाही. मग कळले.

तिने त्या ओळीवर दाबले. पहिला मजकूर उघडला. शब्दन् शब्द तोच. होडी, वादळ, दर्याने ठेवून घेतलेला नवरा, पणजीची कृती, दुःखाची चव, एकदा चाखून बघाच. आणि एका झटक्यात तिला सगळे आठवले. त्या दिवशी सर्वेशला बारा रिकामी पाने दाखवायची होती. तो म्हणाला होता, 'हांगा तर कांयच ना!' म्हणून ती कासा पावलीनातच मेजाशी बसून एकामागून एक भरत गेली. रोझा आंटीचे पान भरताना तिला हसू आले होते. साऱ्या गोव्याच्या साइटींची टिंगल एकाच पानात केली म्हणून ती स्वतःवर खूश झाली होती. दुःखाची चव लिहिताना तर तिने मान मागे टाकून मोठ्याने हसून घेतले होते. मग विसरली. अशी पाने तिने शेकड्याने भरली होती.

"कितें म्हणटा?" गुरुदासांनी विचारले. "हीं बारीक अक्षरां म्हाका दिसनात. तूंच वाच."

दिसत नव्हती. शेवंतीला इंग्रजी येत नव्हते. मावशी पायरीवर होती. खोलीत ते नाव वाचू शकणारे माणूस एकच होते. हर्षाच्या जिभेवर 'सर्वेश' आलेही. सोपा शब्द. तीनदा तर बोलून झाला होता, चौथ्यांदा बोलली असती तर कोणाला शंका आली नसती. मावशीचा पाट तिला मिळाला असता आणि सर्वेशला त्याचे काळे. शिवाय तो होताच तसा. हा विचार तिने पुरता केला आणि तो करणाऱ्या स्वतःच्या तोंडाची तिला अशी घाण वाटली की बाहेर जाऊन चूळ भरावी.

"हर्षा," ती म्हणाली.

"कितें?"

"हर्षा म्हणून बरयलां. हांवें. पयलो कागद म्हजो. कथा म्हजी. चंद्रावतीमावशेक कांयच खबर नाशिल्लें."

गुरुदासांनी मान वर करून तिच्याकडे बघितले. कचेरीत खोटे दाखले आणणाऱ्यांकडे बघत असतील तसे. शेवंतीने पदर तोंडाला लावला.

"कित्याक?" शेवंतीने विचारले.

 पान रिकामे होते म्हणून. हसू आले म्हणून. हर्षाने दोन्ही उत्तरे मनात म्हणून बघितली आणि दोन्ही गिळली.

गुरुदास उठले. "म्हणजे अर्जदार चंद्रावती न्हय," ते बहिणीला म्हणाले. "विषय संपलो. परवां तुज्या वयनीचो पाट तिचोच. तूं तांदूळ निवडपाक घे." शेवंतीने पदर खोचला. आत गेली आणि थोड्या वेळाने सूप घेऊन बाहेर येऊन मावशीशेजारी पायरीवर बसली. तिच्या रीतीने ती माफीच होती.

मावशीने सुपातले चार दाणे बोटांनी बाजूला केले, खडा काढून टाकला. सुमंगलेच्या फोटोकडे एकदा वर बघितले. हर्षा लॅपटॉप छातीशी धरून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. पाया पडावे की काय, तेही तिला सुचेना.

"मावशी, ता खरा म्हणून नाय लिवलंय. नुसती भरती..."

"कधी लिवलंस?" मावशीने विचारले. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

"गेल्या वर्सा. चौदा जानेवारी. दुपारी."

 मावशीची बोटे सुपातच राहिली. मनात दिवस मोजत असावी. कामाला लागून आठवडा झाला होता तेव्हा. त्या दुपारी ती रांधणीत होती, मेजापासून दहा पावलांवर, याच पोरीसाठी भजी तळत.

"संक्रातीचो दिस तो," ती म्हणाली. "सकाळी माझ्या हातचो तीळगूळ खाल्लंस. आणि दुपारी माझ्या घोवाक बुडवलंस?"